धुरावरून उतरणारी ज्योत

पेटती मेणबत्ती फुंकली की वातीच्या टोकातून पांढऱ्या धुराची एक बारीक रेघ वर निघते. त्या रेघेला, वातीच्या दोन बोटं वर, जळती काडी दाखवावी. ज्योत धूर पकडते, सरसर खाली उतरते आणि काडी शिवलेलीही नसताना वात पुन्हा उजळते. तळोज्यात वीज गेलेल्या संध्याकाळी मी हे कितीदा पाहत बसले आहे. मायकल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे मेणबत्तीवर जी व्याख्यानं दिली, त्यांत हाही प्रयोग होता. तो पांढरा धूर म्हणजे मेणाचीच वाफ. आपण मेण जळतं म्हणतो, लाकूड जळतं म्हणतो. पण ज्योत लागते ती त्यांच्यातून सुटलेल्या वाफेला.

ज्योतीकडे नीट पाहिलं की तिच्यात थर दिसतात. बुडाशी निळसर कड, वातीभोवती काळपट पोकळी आणि वर तो ओळखीचा पिवळा उजेड. तो पिवळेपणा तापून प्रकाशणाऱ्या काजळीच्या कणांचा. ज्योतीवर थंड वाटी धरली की तेच कण तिला काळे होऊन चिकटतात. घरोघरी काजळ धरलं जायचं ते असंच. ज्योतीला निमुळतं टोक येतं, कारण गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि खालून ताजी हवा ओढली जाते. अंतराळयानात, जिथे वजनच जाणवत नाही, तिथे ज्योत निळसर आणि गोल होते. समईची ज्योत उभी राहते ती पृथ्वीच्या ओढीमुळे, हे कळल्यापासून मला समई अधिकच आवडू लागली.

पण माझ्या खिडकीतून एमआयडीसीच्या चिमण्या दिसतात आणि मेणबत्तीचा हा खेळ तिथे खेळ राहत नाही. कासाडी नदीच्या काठच्या या वसाहतीत रसायनांचे टँकर रात्रंदिवस ये-जा करतात. टोल्युइनसारखं सॉल्व्हंट ४ अंश तापमानालाही पेटण्याइतकी वाफ सोडतं. अ‍ॅसिटोन तर शून्याच्या बऱ्याच खाली. तळोज्यात ४ अंशांची थंडी कधी पडते? म्हणजे उघडा ड्रम बाराही महिने तयारच. टोल्युइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड. ती वर जात नाही, फरशीवरून सरपटते, गटारात उतरते, दाराखालून पलीकडे जाते. तिथे एखादी ठिणगी भेटली की ज्योत आल्या वाटेने ड्रमकडे परत येते. मेणबत्तीच्या धुरावरून उतरते तशीच.

आमच्या शेजारच्या काकांचं आयुष्य अशाच कारखान्यात ऑपरेटर म्हणून गेलं. ते म्हणायचे, "भरल्या ड्रमपेक्षा रिकाम्याला भ्यायचं, पोरी." भरल्या ड्रममध्ये हवेला जागा कमी. रिकाम्यात तळाशी चार थेंब उरतात, त्यांची वाफ होते, हवेत मिसळते आणि पेटायला जे जे हवं ते सगळं पत्र्याच्या आत बंद होऊन बसतं. भंगारात गेलेल्या अशा ड्रमवर कुणी गॅस कटर लावला की स्फोट होतो. रोजंदारीवर ड्रम कापणाऱ्या माणसाला हे कुणी सांगितलेलं नसतं, याचा मला फार राग येतो.

काकांच्या बोलण्यात अर्थिंगचा क्लॅम्प सारखा यायचा. सॉल्व्हंट एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना नुसत्या वाहण्यानेच स्थिर वीज साठते. दोन्ही भांडी तारेने जोडून ती वीज जमिनीत उतरवली नाही, तर डोळ्यांना न दिसणारी ठिणगीही पुरते. वेल्डिंगचं परमिट द्यायच्या आधी हवेतली वाफ मोजायची. गेटातून आत शिरताना वर कापडी विंडसॉककडे बघायचं, म्हणजे भोंगा झाला तर वाऱ्याला आडवं पळून मग वाऱ्याच्या वरच्या अंगाला कसं जायचं ते ठरलेलं असतं. ही सगळी काळजी ज्योत दिसण्याआधीची. मला ती फार मोलाची वाटते. तिची बातमी कधी होत नाही.

आणि पाणी. आग म्हटलं की हात पाण्याकडे जातो. टोल्युइन पाण्यावर तरंगतं, जळत जळत पाण्याबरोबर पसरतं. म्हणून तिथे फोम लागतो, जो वाफेवर पांघरूण घालतो. कढईतलं तेल पेटलं तर धोका वेगळा. पाणी तेलाखाली जातं, क्षणात वाफ होऊन सुमारे सतराशे पट फुगतं आणि जळतं तेल स्वयंपाकघरभर उडवतं. गॅस बंद करून वर झाकण सरकवायचं आणि कढई हलवायची नाही. हे सातवीतल्या मुलालाही यायला हवं.

पाणी कधी हरतंही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं एकाच पोटात होती. कापूस ज्योतीविना आतल्या आत धुमसतो. बंबवाले पाणी मारत राहिले आणि दुपारी चारनंतर जहाज फुटलं. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्यासाठी दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

आमच्या सोसायटीत या सप्ताहात आम्ही जिने मोकळे करतो. उंच इमारतीत ज्वाळेआधी धूर माणसाला गाठतो. तो छताशी साचतो, म्हणून जमिनीलगत रांगत बाहेर पडायचं आणि लिफ्टला हात लावायचा नाही. यंदा चौथ्या मजल्यावरच्या आजींना घरून जिन्यापर्यंत रांगत येणं जमणार नाही, म्हणून त्यांना कुणी उचलायचं ते ठरवलं. जिन्यातल्या सायकली, कुंड्या, जुनं कपाट खाली आणलं. कपाट कुणाचं यावर अर्धा तास वाद झाला, शेवटी ते भंगारवाल्याला दिलं.