द्वारा ५६ ए.पी.ओ.

पत्ता म्हणजे काय, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. घर क्रमांक, गल्ली, गाव, जिल्हा, झाला पत्ता! पण संगणकशास्त्र शिकवू लागल्यापासून माझ्या मनात एक वेगळाच प्रश्न घोळत असतो. ज्याचा ठावठिकाणा रोज बदलतो, त्याला गाठायचे कसे?

पूर्वी एखादी मोठी संगणकप्रणाली म्हणजे एकसंध वाडाच असे. आता तिचे लहान लहान भाग करतात. एक मागणी नोंदवतो, दुसरा पैसे घेतो, तिसरा पावती पाठवतो. यांना मायक्रोसर्व्हिस म्हणतात. प्रत्येक भाग एका क्रमांकाच्या दारातून, म्हणजे पोर्टवरून, बोलतो आणि एका दारात दोघांना बसता येत नाही. गर्दीच्या वेळी एकाच भागाच्या पाच-दहा प्रती एकाच यंत्रावर चालवायच्या, तर दारे वाटता वाटता पुरेवाट होते. म्हणून स्प्रिंग बूटमध्ये पोर्टच्या जागी शून्य लिहिण्याची सोय आहे. शून्य याचा अर्थ, जे दार मोकळे असेल ते द्या. प्रत पुन्हा सुरू केली की दार बहुधा बदललेले असते.

मग इतरांनी हाक मारायची कुठे? त्यासाठी एक नोंदवही असते. नेटफ्लिक्सने २०१२ साली सर्वांसाठी खुली केलेली ‘युरेका’ ही अशीच एक वही. प्रत सुरू झाली की ती आपले नाव आणि मिळालेले दार तिथे नोंदवते. हाक मारणाऱ्याने फक्त नाव सांगायचे. दार वही दाखवते.

मला यात नवल वाटले नाही. माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. त्यांना पाठवायच्या पत्रावर गावाचे नाव कधीच नसे. सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी ‘द्वारा ५६ ए.पी.ओ.’ पलटण वाळवंटात असो की बर्फात, आईने तेच लिहायचे. आज ती कुठे आहे, ते लष्करी टपालाला ठाऊक.

नावाआधी क्रमांक का, याचेही उत्तर या वहीत सापडते. युरेकात प्रतीची ओळख सहसा यंत्राचे नाव, सेवेचे नाव आणि लिहून दिलेला पोर्ट यांवरून ठरते. सगळ्यांनीच शून्य लिहिले तर सगळ्यांची ओळख एकच होते आणि नवी नोंद जुनीवर बसते. प्रती तीन, वहीत एकच! म्हणून प्रत्येकीच्या ओळखीला एक वेगळा यादृच्छिक आकडा जोडावा लागतो. पलटणीत पाटील काय, चार असतात.

नोंद झाली म्हणजे संपले, असेही नाही. दर ३० सेकंदांनी ‘मी आहे’ असे कळवावे लागते. ९० सेकंद काहीच कळले नाही तर नाव खोडण्यास पात्र ठरते. मात्र एकाच वेळी पुष्कळजण गप्प झाले आणि येणारे निरोप अपेक्षेच्या ८५ टक्क्यांखाली गेले, तर युरेका कोणाचेच नाव खोडत नाही. बिघाड माणसांत नसून वाटेत असावा, असे ती धरून चालते.

१९९९च्या उन्हाळ्यात, कारगिलचे युद्ध चालू असताना, आमच्या गल्लीत एकाही घरी पत्र येईना. बायका आमच्या कट्ट्यावर जमत. आई म्हणे, “सगळ्यांचीच पत्रं थांबल्यात, म्हंजे टपाल अडलंय. माणसं बरी हाईत.” तिच्या त्या एका वाक्यावर गल्लीने कितीतरी रात्री काढल्या.

या विश्वासाची किंमतही असते. जो खरोखर बंद पडला, त्याचेही नाव वहीत राहते आणि हाक मारणारा रिकाम्या दारावर थाप देत बसतो. पावसाळ्यात पत्रे येऊ लागली. एका घरी आली नाहीत. त्या घरची आजी पुढेही कितीतरी दिवस पोस्टमनची वाट बघत उंबऱ्यावर बसे, आणि तिला उठ म्हणायला कोणी धजावत नसे.

वर्गात मी ३०, ९० आणि ८५ हे आकडे फळ्यावर लिहितो. मुले ते उतरवून घेतात. त्यांतला ८५चा आकडा लिहिताना माझा हात मात्र क्षणभर थांबतो.