श्वासाची ओल

वापराने वस्तू झिजते, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. पातेल्याची कल्हई उडते, पाटा गुळगुळीत होतो, जोड्याचा तळ विरतो. म्हणून एखादी आवडती वस्तू टिकवायची असेल, तर आपण ती उचलून कपाटात ठेवतो. बांबूची बासरी मात्र या नियमात बसत नाही. ती वाजवत राहिली तर टिकते आणि नुसती ठेवून दिली तर तडकते. असे का होते, हे समजून घ्यायचे असेल तर आधी बांबूचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

बांबू हा वृक्ष नव्हे. ते गवत आहे. त्याच्या कांड्यातील तंतू एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत सरळ उभे धावतात. त्यांना आडवा बांधणारा धागा निसर्गाने कांड्यात ठेवलेला नाही. म्हणूनच बुरूड बांबूच्या तोंडाशी कोयता टेकवून एक घाव घालतो आणि बांबू रेषेत उकलत जातो. टोपल्या आणि सुपे विणणाऱ्याला जो गुण वाटतो, तोच बासरीच्या बाबतीत दोष ठरतो. बांबूची बाहेरची साल कठीण आणि चकचकीत असते, आतला भाग मऊ असतो. हवा कोरडी झाली की बांबूतील ओल उडते आणि त्याचा घेर आकसतो. हे आकसणे सावकाश झाले तर तो सहन करतो. झपाट्याने झाले तर तंतूंमधील पकड सुटते आणि टोकापासून टोकापर्यंत फट पडते.

आपली बासरी एकाच लांब कांड्याची असते. उत्तर प्रदेशातील पिलिभीत हे गाव बासऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागिरांना लागणारा पातळ भिंतीचा, लांब कांड्यांचा बांबू आसामातून येतो. १९११ साली बारीसाल येथे जन्मलेल्या पन्नालाल घोष यांनी सुमारे ३२ इंच लांबीची मोठी बासरी घडवली आणि मैफलीत रागविस्तारासाठी तिला मानाचे स्थान मिळवून दिले. बासरी जितकी लांब, तितकी ती तडकण्याची धास्तीही मोठी.

ही धास्ती केवळ आपल्याकडचीच नाही. जपानमध्ये ‘शाकुहाची’ नावाची बांबूची बासरी आहे. ‘शाकू’ आणि ‘सुन’ ही तेथील जुनी मापे. एक शाकू आठ सुन, म्हणजे सुमारे ५४.५ सेंटीमीटर, या लांबीवरून तिला हे नाव पडले. ती आडवी धरत नाहीत. उभी धरून वरच्या कडेवर फुंकतात. तिला पुढे चार आणि मागे एक अशी पाच छिद्रे असतात. ती बांबूच्या मुळाकडील भागातून बनवतात आणि तिच्यात बहुधा सात गाठी येतात. थंडीत कापलेला बांबू निखाऱ्यांवर शेकून त्याच्या सालीतील तेल बाहेर काढतात, ते पुसतात, मग बांबू उन्हात सुकवतात आणि पुढे काही वर्षे तसाच मुरू देतात. आतून लाखेसारख्या रोगणाचा लेप देतात. फुके पंथाचे भिक्षू ही बासरी ध्यानाचे साधन म्हणून वाजवीत. १८७१ मध्ये तो पंथ सरकारी आज्ञेने बंद झाला, बासरी मात्र लोकांमध्ये राहिली. इतक्या संस्कारांतून गेलेली ही बासरीसुद्धा कोरड्या हवेत तडकते. म्हणून तिचे वादक वाजवून झाल्यावर ती आतून पुसतात, हवाबंद पिशवीत ठेवतात आणि भेग पडलीच तर तिच्यावर दोऱ्याचे किंवा वेताचे आवळ बंध घालतात.

हा सारा खटाटोप मी माझ्या वडिलांच्या हातून पाहिला, आणि तोही बासरीला सर्वांत जाचक ठरणाऱ्या गावी. मराठ्यांच्या अमलापासून झाशीत मराठी कुटुंबे राहत आली आहेत. त्यांपैकी आमचे एक. आमचे घर जुन्या शहरात, मानिक चौकाजवळच्या एका गल्लीत होते. बुंदेलखंडाचा उन्हाळा कठोर असतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, दुपारी ‘लू’ वाहू लागते आणि घरातील लाकडी दारेसुद्धा रात्री कुरकुरतात. पावसाळ्यात नेमके उलट. भिंतींना ओल येते आणि चामड्यावर बुरशी चढते. अण्णांनी या ऋतुचक्राप्रमाणे बासरीची दिनचर्या ठरवली होती.

वाजवून झाले की मलमलीची पट्टी दोऱ्याला बांधून ते ती बासरीतून ओढून घेत. श्वासातून आलेले पाणी आत साचू द्यायचे नाही, हा पहिला नियम. महिन्यातून एकदा काडीला कापूस गुंडाळून आतून तेलाचा हलका हात फिरवायचा, रात्रभर तसेच ठेवायचे आणि सकाळी जास्तीचे तेल टिपून घ्यायचे. आमच्या महाराष्ट्रातील नातलगांकडे खोबरेल वापरत. झाशीच्या थंडीत ते थिजते, म्हणून अण्णा मोहरीचे तेल घेत. बंद टोकातील बुचाला ते तेल लागू देत नसत, कारण बूच सैल होऊन सरकले की सप्तकांचा मेळ बिघडतो. थंडीत बासरी आधी काही वेळ तळहातांत धरून कोमट करायची आणि मगच फुंकर घालायची. उन्हाळ्यात ती हवाबंद पिशवीत ठेवायची आणि सोबत भोके पाडलेल्या डबीत ओला स्पंज ठेवायचा. पावसाळा लागला की डबी बाहेर काढायची आणि बासरीला मोकळा वारा द्यायचा. ऊन, चूल आणि कूलरचा थेट झोत या तिन्हींपासून ती नेहमी दूर.

या सर्वांत महत्त्वाचे काम दोऱ्याचे. मानिक चौकात एका पटव्याचे दुकान होते. दागिने रेशमात ओवून देणे हा त्याचा धंदा. पण अण्णांची बासरीही तोच बांधत असे. दोऱ्याचा एक फास तो बासरीच्या लांबीवर आडवा ठेवी. त्यावरून दोरा ताणून एकाला एक लागून वेढे घेई, शेवटचे टोक फासात ओवी आणि दुसरे टोक खेचून फास वेढ्यांखाली नेई. गाठ कुठेच दिसत नसे. असे पट्टे दोन्ही टोकांना आणि फुंकेचे छिद्र व बोटांची छिद्रे यांच्या मधल्या जागेत असत. बांबूच्या अंगी नसलेला आडवा बंध त्याला असा बाहेरून मिळे.

अण्णा २००९ च्या हिवाळ्यात गेले. आईने बासरी त्यांच्या रेशमी उपरण्यात गुंडाळली आणि त्यांच्या तसबिरीशेजारी काचेच्या कपाटात ठेवली. मी अण्णांकडेच बासरी शिकले होते, पण माझी बासरी वेगळी होती. एकाची तोंडाला लावलेली बासरी दुसऱ्याने लावू नये, अशी आमच्याकडे रीत. आईच्या मनात त्याहून खोल असे काहीतरी होते. “त्यांचा श्वास आहे त्यात,” ती म्हणाली. बासरी बंद कपाटात सुकेल, हे मी तिला सांगितले. तिने ऐकून घेतले. पण कपाटाची किल्ली तिच्या कमरेलाच राहिली. ते दुःख वादाने हलणारे नव्हते.

जपानमधील नारा येथे शोसोइन नावाचे प्राचीन भांडार आहे. तेथे आठव्या शतकातील आठ शाकुहाची अजून सुरक्षित आहेत. बाराशे वर्षांहून अधिक काळ वस्तू टिकवणारी माणसे आदरास पात्रच आहेत. पण त्यासाठी राजाचे भांडार आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा पहारा लागतो. मानिक चौकातील एका घरातले काचेचे कपाट हे काम कसे करणार?

मे महिन्यातील एका रात्री कपाटातून ‘टच्’ असा आवाज आला. आई त्याच खोलीत झोपत असे. तिने दिवा लावून उपरणे उलगडले. फुंकेच्या छिद्रापासून बुचाच्या टोकाकडे केसाएवढी बारीक रेषा गेली होती. सकाळी तिने बासरी माझ्या हाती दिली आणि इतकेच म्हटले, “पटव्याकडे घेऊन जा. आणि बांधून झाली की तूच वाजव.”

पटवाही आता म्हातारा झाला होता. त्याने भेग बोटाने चाचपली, तिच्यात मेण भरले आणि वर लाल रेशमाचे घट्ट वेढे घातले. बासरी वाजू लागली, तरी काही दिवस खालचा षड्ज नीट लागेना. त्यात हवेचा खरखरीत अंश मिसळे. रोज अर्धा तास वाजवत गेले, तेल-पुसणे चालू राहिले, तसा पावसाळ्यापर्यंत तो स्वर बराचसा भरला. पूर्वीचा गोडवा सगळा परत आला, असे म्हणणार नाही. भेग आहे आणि ती राहणारच. फक्त ती पुढे वाढलेली नाही.

आई पलीकडे भाजी निवडत ऐकत असे. त्या बासरीत अण्णांचा श्वास आता उरला नव्हता, हे तिला कळत होते. पण ज्या बोटांना तो श्वास पेलण्याचे वळण अण्णांनी लावले, ती बोटे त्याच छिद्रांवर फिरत होती. तिची तक्रार एकच असे. मी बासरी खाली ठेवली की आतून आवाज येई, “पुसलीस का ग?”

पुढे भाचा शिकू लागला, तेव्हा रीतीचा प्रश्न कोणी काढला नाही. आईनेच ओल्या फडक्याने बासरीचे तोंड पुसून ती त्याच्या हातात दिली आणि मलमलीची पट्टी आधी कशी ओवायची, ते दाखवले. वाजवणे त्यानंतर.