पडदा गप्प असतो तेव्हा

पिंपळी गावात उसाला पाणी कधी द्यायचं हे वाफसा ठरवतो. माती मुठीत दाबून तो ओळखणारी माणसं इथे घरोघर आहेत. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात ऊसशेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू झाला आणि ओलाव्याचा आकडा मोबाइलवर दिसावा ही अपेक्षाही रुजली. ओलावा आणि मोटारीची स्थिती दाखवणारे असे पडदे तयार करणं हे माझं काम.

पानाने दर थोड्या वेळाने सर्व्हरला ‘नवीन काही?’ असं विचारणं ही सोपी रीत. पण ओलावा सावकाश बदलतो आणि मोटार वीज गेली की त्याच क्षणी बंद पडते. म्हणून खबर सर्व्हरनेच द्यावी. २०११मध्ये प्रमाणित झालेल्या वेबसॉकेटमध्ये दोन्ही बाजूंना बोलता येतं. मला एकाच बाजूने सांगायचं असतं, त्यामुळे मी सर्व्हर-सेंट इव्हेंट्स वापरतो. हे साधं एचटीटीपी उत्तरच, फक्त न संपणारं. त्यातला प्रत्येक निरोप असा: ‘डेटा’, कोलन, मजकूर. मग एक रिकामी ओळ. ती ओळ आली की निरोप पुरा झाला. संपर्क तुटला तर ब्राउझर आपण होऊन पुन्हा जोडतो आणि शेवटच्या निरोपाचा क्रमांक कळवतो. सर्व्हरने मधले निरोप जपले असतील, तर ते तिथून पुढे मिळतात. उसाच्या फडात रेंज सारखी जाते-येते, तिथे ही सोय फार मोलाची.

खरी जोखीम गप्प पडद्यात असते. ‘मोटार चालू’ ही आत्ताची खबर की तासापूर्वीची? रात्रीच्या थ्रीफेजवर दारं धरणारा माणूस पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्यावर भिस्त ठेवून घरी थांबतो. नुसत्या कोलनने सुरू होणारी ओळ अधूनमधून पाठवली, तर मधला प्रॉक्सी संपर्क निष्क्रिय समजून तोडत नाही. पण ब्राउझर ती ओळ पानाच्या कोडपर्यंत पोहोचू देत नाही. म्हणून मी दर १५ सेकंदांनी नाव दिलेला, छोटा पण खरा निरोप पाठवतो. ओळीने ३ निरोप चुकले की हिरवा ठिपका जातो आणि ‘संपर्क नाही’ असं स्पष्ट दिसतं.

एवढ्यानेही भागत नाही. सर्व्हर जागा असेल आणि शेतातला सेन्सर बंद पडलेला असेल, तरी ठिपका हिरवाच राहील. त्यासाठी प्रत्येक नोंदीसोबत सेन्सरने मोजल्याची वेळ येते, आणि आकड्याखाली मी तीच दाखवतो, आकड्याइतक्याच ठळक अक्षरांत. घरून मोटार चालू करायची की बॅटरी घेऊन शेतात जायचं, हे ती वेळ पाहूनच ठरवावं.