किल्ली कुणाकडे?

आमच्याकडे खानदेशात घरातली कुठलीच किल्ली खऱ्या अर्थाने लपलेली नसते. कपाटाची देव्हाऱ्यामागे, कोठीची दाराच्या खिळ्याला, ट्रॅक्टरची टीव्हीखाली. पाहुण्यालासुद्धा दोन दिवसांत कळतं. नरडाण्याच्या आमच्या घरात कित्येक वर्षं बंदूक होती, म्हणून या किल्ल्यांचा विचार मी जरा जास्तच करतो.

नरडाणा म्हणजे धुळ्याहून शिरपूरकडे जाताना आग्रा रोडवर लागणारं गाव. एमआयडीसी आहे, सुरत-भुसावळ लाइनचं स्टेशन आहे. पण गाव सोडून थोडं आत गेलं की कपाशी, बाजरी, मका आणि रात्री त्यात घुसणारी रानडुकरं. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, परवाना काढला तो याच कारणासाठी. १९५९ चा शस्त्र कायदा पीक राखणाऱ्यासाठी मुळात ठासणीची बंदूक धरून चालतो. तेवढ्याने भागत नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर दुसऱ्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. आबांकडे बारा बोरची एकनळी होती. गंमत म्हणजे बंदुकीचा परवाना असला तरी रानडुक्कर मारायला वन विभागाची वेगळी परवानगी लागते. त्यामुळे आबांची बंदूक बहुतेक वेळा आवाज काढण्यापुरतीच शेतात गेली.

घरी मात्र तिचा थाट वेगळा होता. शेतातून आल्यावर आबा अंगणातच कळ दाबून ती मधून उघडायचे आणि नळी आभाळाकडे धरून आरपार बघायचे. उजेड दिसला म्हणजे नळी रिकामी. मग नळी आणि दस्ता वेगळे करून एका पेटीत, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. बाकीच्या किल्ल्या खिळ्याला असल्या तरी या दोन किल्ल्या त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात असायच्या. बंडी धुवायला टाकताना आधी किल्ल्या काढून घ्यायचे. आम्ही पोरं विचारायचो, "आबा, रिकामी आहे ना?" ते अहिराणीत म्हणायचे, "भरेल शे समजीसनच हात लावानं." भरलेली आहे असं समजूनच हात लावायचा. खरं तर हात लावूच द्यायचे नाहीत.

आमच्या भागात बंदुकीचा धोका म्हटलं की लोकांना गावठी कट्टा आठवतो. शिरपूर, चोपड्याकडे मध्य प्रदेशच्या सीमेवर कट्टे पकडल्याच्या बातम्या येत असतात. परवान्याची बंदूक म्हणजे सभ्य, असा आपला समज. मुंबईतल्या दोन घटनांनी माझ्यापुरता तो मोडला.

पहिली सगळ्यांना माहीत आहे. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे अभिनेता गोविंदा जुहूच्या घरून कोलकात्याला निघायच्या तयारीत होता. परवान्याची रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ती हातातून पडली आणि गोळी पायात गेली, असं त्याच्या मॅनेजरने सांगितलं. आमच्या ग्रुपवर दिवसभर जोक चालले. मला हसू आलं नाही. कित्येक जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसावर टेकतो. जोरात आपटली तर चाप न ओढताही गोळी सुटू शकते. म्हणून जाणकार लोक घोड्याखालचं एक घर रिकामं ठेवायचे. घरात ठेवायची असेल तर सगळीच घरं रिकामी हवीत, हे आणखी सोपं.

दुसरी घटना त्याच वर्षी ८ फेब्रुवारीची. माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणाऱ्याच्या नावावर ते पिस्तूल नव्हतं. ते त्याच्या अंगरक्षकाचं, परवानाही अंगरक्षकाचा. पोलिसांनी त्या अंगरक्षकाला अटक केली. परवाना एकाचा आणि हात दुसऱ्याचा, इतकं साधं आहे ते.

कायदा याबद्दल गप्प नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनी शस्त्र सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकावर टाकली आहे, हाताळणीच्या प्रशिक्षणाची सोयही त्यात आली. परवाना नसलेल्या माणसाच्या हातात जाणूनबुजून शस्त्र देणं हा गुन्हा आहे. पण परवान्याची अट मोडल्याची शिक्षा बघा: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीने हळदीत किंवा वरातीत बेदरकारपणे बार उडवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही लावले. ते योग्यच झालं. पण वरातीतल्या बाराला लाख आणि अटी मोडणाऱ्याला दोन हजार, हे मला अजून पचलेलं नाही. पुढे कुणाला इजा झाली तर इतर कलमं लागतात म्हणा. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

आबा गेल्या वर्षी गेले. परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. धारक जिवंत असेपर्यंत त्याच्या लेखी अधिकारावर दुसरा माणूस बंदूक दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला नेऊ शकतो. तो गेला की तेवढीही मुभा उरत नाही. विनाकारण उशीर न करता ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. काकांनी तेराव्याच्या आधीच ती जमा केली. भाऊबंदांत कुजबुज झाली, एवढी काय घाई म्हणून.

आता चुलत दादाला ती परत हवी आहे. धारकाच्या मृत्यूनंतर वारसाला परवाना मागता येतो, तशी तरतूद आहे. माझे वडील नाहीत, म्हणून ना-हरकत पत्रावर माझी सही लागणार. दादाचं म्हणणं, शेत राखायचंय आणि आबांची आठवण आहे. दारात बंदूक असण्याचा मान हे तिसरं कारण तो बोलत नाही. वहिनीचा साफ नकार. तिची पोरं सात आणि चार वर्षांची. मोबाइल लपवला तर पाच मिनिटांत शोधून काढतात.

फोनवर ती मला म्हणाली, "भाऊजी, पोरांचं एक वेळ मी बघेन. पण कापूस हातचा गेला, सोसायटीचा माणूस दारात आला, त्या रात्री घरात काय काय हाताशी आहे याचा विचार मी करायचा का?" मी गप्प झालो. खानदेशात हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या कोठीत फवारणीचं औषध उघड्या फळीवर असतं, तिने तेही त्याच आठवड्यात कुलपात टाकायला लावलं. माणसाची वाईट वेळ पुष्कळदा थोड्या वेळाने ओसरते. दोन कुलपं, दोन खोल्या आणि दुसऱ्याच्या खिशातली किल्ली एवढाच वेळ काढून देतात.

मी दादाला सही नाकारली नाही, अटी कळवल्या. भिंतीत बोल्टने बसवलेलं लोखंडी कपाट आधी, अर्ज नंतर. काडतुसं वेगळ्या कुलपात. बंदुकीच्या कपाटाची किल्ली दादाकडे, कारण परवाना त्याचा. कोठीची मात्र वहिनीकडे. यातली शेवटची अट त्याला झोंबली. "माझ्याच घरात मी बायकोला विचारू?" म्हणाला. मी म्हटलं, हो.

त्याला आठ दिवस झाले. काल वहिनीने फोटो पाठवला: शिरपूरच्या फॅब्रिकेशनवाल्याने कपाटाची मापं आणि भाव एका कागदावर लिहून दिलाय, खाली दादाच्या अक्षरात "बोल्ट चार की सहा?" असं लिहिलंय. मी सहा कळवले. पत्र अजून माझ्या बॅगेत आहे, सही न केलेलं.