आजोबांची शेव्हरोले

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा धाकट्या काकांच्या मुलांना शेती मिळाली, थोरल्या काकांच्या मुलाला, म्हणजे आमच्या अण्णाला, शाहूपुरीतले दुकान मिळाले. आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाला व्यवहार कळत नाही अशी सर्वांची खात्री असल्यामुळे माझ्या वाट्याला गोठ्यातली मोटार आली. त्या दिवशी अण्णा हसून म्हणाला, "तुला शोभेल हो! तीही चालत नाही आणि तूही घर सोडून कुठे जात नाहीस."

मोटार १९४७ ची. शेव्हरोले फ्लीटमास्टर. अमेरिकेची जनरल मोटर्स कंपनी १९२८ पासून मुंबईत शिवडीला मोटारी जोडीत असे, त्यांतलीच ही एक. आजोबा गुळाचे अडते. गुळाला बरा भाव आलेल्या एका वर्षी, १९५२ साली, मुंबईच्या एका गृहस्थाकडून त्यांनी ती घेतली. पुढे दोनच वर्षांत कंपनीने शिवडीचा कारखाना बंद केला आणि आमच्या गाडीचे माहेर तुटले. तरी ती वीस वर्षे धावली. १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेलाचे भाव चढवले, पेट्रोल परवडेना, तेव्हा आजोबांनी ती एकदाची गोठ्यात नेऊन उभी केली.

माझा जन्म त्यानंतरचा. त्यामुळे या गाडीतून मी एक पाऊलही प्रवास केलेला नाही. पण दर दसऱ्याला आजोबांचे बोट धरून मी दसरा चौकात जात असे. राजघराण्याची ती लांबलचक मायबाख मोटार डोळे भरून पाहायची, सोने लुटायचे आणि घरी परतायचे. घरी आल्यावर आजोबा आधी देवघरात जात नसत, गोठ्यात जात. ताडपत्री बाजूला सारून गाडीच्या नाकावर आपट्याचे पान ठेवीत आणि हात जोडीत. हा म्हातारा पत्र्याला नमस्कार का करतो, हे मला तेव्हा कळत नसे.

गाडी चालू करायची असे मी जाहीर केले तेव्हा सल्ल्यांचा पाऊस पडला. एका गॅरेजवाल्याने तर जुने इंजिन भंगारात घालून डिझेलचे बसवण्याचा हिशेबच करून दिला. सुदैवाने २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांचे नियम केले आहेत. पन्नास वर्षांहून जुनी गाडी वारसा म्हणून नोंदवायची, तर तिचा सांगाडा, तिची काया आणि तिचे इंजिन मूळचेच असावे लागते. एखादा सरकारी नियम वाचून मला आनंद झाल्याचा हा पहिलाच प्रसंग!

शेवटी माझा एक जुना विद्यार्थी मदतीला धावून आला. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत त्याची लहानशी फौंड्री आहे. 'पंचतारांकित' हा शब्द ऐकून मी चांगले कपडे घालून गेलो. तिथे रेती, कोळशाची काळी पूड आणि भट्टीची धग असा थाट होता. परतलो तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी मला दारातच थांबवले.

इंजिन उघडले तेव्हा मला ते आवडून गेले. सहा सिलिंडर, नव्वद अश्वशक्ती, आणि तेल पोहोचवण्याची पद्धत तर अगदी घरगुती! प्रत्येक रॉडच्या तळाशी चमच्यासारखे एक टोक असते. ते फिरता फिरता तेल उचलते, जशी पंक्तीत पळीने आमटी वाढावी. एवढ्या वर्षांत बिघडले होते थोडे, गंजले होते पुष्कळ. पण मुख्य अडचण निघाली ती मॅनिफोल्डची. सहाही सिलिंडरांचा जळका वायू गोळा करून मागच्या नळीत सोडणारा हा बिडाचा तुकडा. तो मधोमध तडकला होता.

विद्यार्थी तो पुसत होता. पुसता पुसता थांबला.

"सर, यावर कंपनीचा आकडा नाही. हा तुकडा अमेरिकेचा नव्हे."

मी चष्मा सावरून पाहिले. काजळीखाली बिडातच उमटलेले, बोटाला लागणारे एक अक्षर होते : श्री.

फौंड्रीतले म्हातारे मेस्त्री पुढे झाले, त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "उद्यमनगरातलं काम हाय ह्ये. त्येवेळी भायेरचं सामान येत नव्हतं. ऊस आन् गुऱ्हाळाच्या इंजिनाचं काम करनारी मान्सं, त्यास्नी काय अवघड?"

म्हणजे आजोबांची अमेरिकन मोटार निदान छातीपाशी तरी कोल्हापूरची होती! गुळाच्या पैशाने घेतलेली गाडी गुऱ्हाळाच्या मेस्त्रीने जगवली होती. गोठ्यातला तो नमस्कार कुणाला होता, याचा मला त्या दिवशी थोडा अंदाज आला.

एवढ्यात अण्णाने मुंबईचा एक गिऱ्हाईक आणला. त्याने सांगितलेला आकडा ऐकून मोटार 'घराण्याची' असल्याचे सर्व चुलतभावांना एकदम आठवले. गिऱ्हाइकाची अट एकच : हा गावठी तुकडा काढून अमेरिकेहून तसाच नवा मागवायचा. तो मिळतोही. दोन दिवस मला झोप आली नाही. माझ्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च समोर होता, हे कशाला लपवू? तिसऱ्या दिवशी मी कागलला गेलो.

"या जुन्यावरूनच साचा घ्या," मी म्हणालो.

मेस्त्री हसले. "तसं जमत न्हाई, सर. बीड गार हुताना आखडतंय. ह्येचाच साचा घेतला तर नवा ह्येच्यापरीस ल्हान निघंल, भोकं जुळायची न्हाईत."

शेकडा एक भाग आखडते म्हणे. दोन फुटांच्या तुकड्याला सहा मिलिमीटर. म्हणून लाकडी नमुना नव्याने, मापाहून थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी त्यांची फूटपट्टीसुद्धा निराळी असते. तिच्यावरचा इंच आपल्या इंचाहून रेसभर मोठा! इतकी वर्षे मी वर्गात परंपरेवर व्याख्याने दिली, पण ही पट्टी मला कुणी दाखवली नव्हती.

नमुना तयार झाल्यावर मेस्त्रींनी माझ्या हाती पेन्सिल दिली. "अक्षर तुमीच काढा. मराठीचं सर तुमी." फळ्यावर हजारदा काढलेला 'श्री', पण त्या लाकडावर काढताना हात थरथरला. ओतकामाच्या दिवशी अण्णाही आला होता, गिऱ्हाइकाला काय सांगायचे ते विचारायला. लाल रस रेतीत उतरताना तो काही बोलला नाही. तुकडा थंड होऊन, घासून पुसून पुढे आला, तेव्हा त्याने तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

दसऱ्याच्या आदल्या रात्री त्याचा फोन आला. मला वाटले, सौद्याचीच गोष्ट काढणार.

"अरे," तो म्हणाला, "गाडीच्या नाकाला हार किती हात लागेल? फूलवाला विचारतोय."