वॉशिंग्टन येथील न उडालेलें जहाज

वॉशिंग्टन शहरीं जाणाऱ्या प्रवाशानें स्मिथसोनियन संस्थेचें विमान व अंतराळ संग्रहालय अवश्य पाहावें. खरोखर उडालेल्या यंत्रांच्या या संग्रहांत कधींच न उडालेलें एक जहाजहि आहे. १९६६ ते १९६९ या काळांत दूरचित्रवाणीवर दाखविलेल्या ‘स्टार ट्रेक’ या कथामालेंतील ‘एंटरप्राइझ’ची ही सुमारें ११ फूट लांबीची मूळ प्रतिकृति. १९७४ सालीं ती संस्थेस मिळाली. दिव्यांच्या तारा डाव्या अंगास जोडीत; म्हणून चित्रीकरण उजव्या अंगानें होई व डावें अपुरेंच राहिलें.

रसिकांची दृष्टि कथेच्याहि अशा अपुऱ्या अंगाकडेच वळते. दर भागांत जहाज ग्रहावर उतरविण्याचा खर्च परवडेना. म्हणून माणसांस क्षणांत खालीं पोंचविणारें यंत्र लेखकांनीं कल्पिलें. मग वाद उपस्थित झाला: देहाचे कण विलग करून पुनः जुळविले, तर उतरला तो तोच मनुष्य कीं दुसरा? नैयायिक व बौद्ध यांचा वाद वाचकांस येथें आठवेल. हायझेनबर्गचें अनिश्चिततेचें तत्त्व आड येतें, असाहि आक्षेप होता. पुढील मालेंत त्याच्या निवारणार्थ एक उपकरण आलें. तें चालतें कसें, हें मात्र कोणीं सांगितलें नाहीं.

ही पळवाट आहे, असें एक पक्ष म्हणतो. कथा माणसांची आहे, यंत्रांची नव्हे, असें दुसरा. आमच्या मतें यंत्राचें रहस्य गुप्त राहिलें तरी चालेल. परंतु त्याची मर्यादा लेखकानें पाळलीच पाहिजे. स्वतः घातलेला नियम सोयीसाठीं मोडला, तर नायकावरील संकटहि खोटें ठरतें. रसिकांचें भांडण त्या सत्यासाठींच आहे.