घामाचं वजन

ऑक्टोबरातल्या एका रविवारी शिवाजी पार्कहून वरळी सी फेसपर्यंत धावून परत आलो आणि अंगातला सुती टी-शर्ट काढून थेट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. कोरडा होता तेव्हा १६० ग्रॅम भरला होता. आता काटा ४१० दाखवत होता. म्हणजे पाव किलो पाणी मी खांद्यावर वागवत होतो.

"शी! त्या काट्यावर मी रवा मोजते रे," आई ओरडली. मग काटा घासता घासता म्हणाली, "पण बघ, सगळा घाम टिपलाय की नाही? म्हणून सुतीच घालावं."

भांडण नेमकं इथेच आहे. घाम टिपून घेतला की तो कातडीवरून उडत नाही, आणि घाम नुसता आल्याने अंग गार होत नाही; तो उडून जावा लागतो. एक लिटर घाम कातडीवरून उडाला तर जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच टपटप रस्त्यावर गळला तर फुकट. पुण्याला एप्रिलात तळजाईवर धावतो तेव्हा पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात, कारण पाणी केव्हाच उडालेलं असतं. मुंबईत पहाटे हवाच ओली. ती आणखी पाणी घेणार कुठे?

म्हणून दुकानातल्या 'झटपट सुकणारा' या चिठ्ठीवर मी अर्धाच विश्वास ठेवतो. पॉलिएस्टरचा धागा पाणी पीत नाही हे खरं. नेहमीच्या हवेत कापूस वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओल धरून असतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पण धाग्या-धाग्यांमधल्या फटीत पाणी साचतंच, आणि गच्च विणीचं पॉलिएस्टर ओलं झालं की प्लॅस्टिकच्या पिशवीसारखं पाठीला चिकटतं. त्यामुळे मी आधी वीण बघतो, धागा मागाहून. कापड ओठांशी धरून फुंकर मारायची. पलीकडे धरलेल्या तळहाताला वारा लागला तर घ्यायचं. मग उलटं करून काखेतली शिवण मनगटाच्या आतल्या बाजूवर दहा-बारा वेळा घासायची. "साहेब, ट्रायल रूम तिकडे आहे," असं मला बऱ्याच दुकानांत सांगून झालंय.

शिवणीचं हे वेड उगाच लागलेलं नाही. पहिल्या हाफ मॅरेथॉनला हौसेने कोरा टी-शर्ट घातला. पेडर रोडचा चढ येईपर्यंत तो चिंब झाला होता आणि प्रत्येक पावलाला छातीवर पॉलिश पेपरसारखा फिरत होता. शेवटच्या फोटोत माझे दोन्ही हात वर आहेत, आणि पांढऱ्या कापडावर रक्ताचे दोन सरळ ओघळ. घरी अंगावर पाणी घेतलं तेव्हा मी जो ओरडलो, तो शेजाऱ्यांनीही ऐकला असेल. तेव्हापासून स्तनाग्रांवर कागदी चिकटपट्टी, काखेत आणि जांघेत पेट्रोलियम जेली, आणि शर्यतीला किमान चार वेळा धुतलेलेच कपडे.

बाकी कापड जितकं कमी तितकं बरं. बिनबाह्यांची जाळीदार बंडी, आखूड चड्डी, आत मांड्यांना घासू न देणारी घट्ट अर्धी टाइट्स. मोजे सुती नकोत, फोड येतात. टोपी मी सोडली; पहाटे साडेपाचला ऊन कुठलं, डोकं मात्र उकडतं. रंग भडक, टॅक्सीवाल्यांना दिसावा म्हणून. धुताना कापड मऊ करणारं ते सुगंधी द्रव्य घालायचं नाही, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि पाणी पसरेनासं होतं.

कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरतो, त्यावर मात्र यातलं काहीच चालेना. पॉलिएस्टरने पुसला तर तो नुसता इकडचा तिकडे होतो. शेवटी आईने त्या १६० ग्रॅमच्या टी-शर्टच्या पट्ट्या कापल्या, कडा दुमडून शिवल्या. त्यातली एक आता उजव्या मनगटाला बांधूनच मी बाहेर पडतो. परत आलो की आई विचारते, "टिपला का?"